सातवा गडी आणि कानबाईचा रोट

फुटबॉल संघाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली, त्याला कारण माझी सासुरवाडी.

आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजातले क्रीडा संचालक मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांची जागा भरायला वरून परवानगी लागते आणि ती येईपर्यंत आणखी दोघे निवृत्त होतात, असा आमच्याकडचा अनुभव. तेव्हा जूनच्या पहिल्याच बैठकीत प्राचार्यांनी खेळ वाटून टाकले. कबड्डी इतिहासाकडे गेली, बुद्धिबळ गणिताकडे. मी वनस्पतिशास्त्राचा. फार तर मैदानावरचं गवत आपल्याकडे येईल अशा समजुतीत मी निवांत चहा पीत होतो. तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "बोरसे सर, तुमची सासुरवाडी कोल्हापूर ना? मग फुटबॉल तुमच्याकडे."

घरी येऊन मी ही बातमी जरा ऐटीतच सांगितली. उज्ज्वलाचं माहेर कोल्हापूरच्या पेठेतलं. तिचे तिन्ही भाऊ गुडघे फुटेपर्यंत फुटबॉल खेळलेले. तिनं हातातला झारा खाली ठेवला आणि विचारलं, "ऑफसाइड म्हंजे काय, सांगा बघू."

"चेंडू रेषेच्या बाहेर गेला की," मी म्हणालो.

तिनं झारा पुन्हा उचलला. "माझ्या भावांना एवढ्यात काही कळवू नका," ती कढईकडे बघत म्हणाली.

जुलैत सराव सुरू झाला. वेळ सकाळी सहा. आमचं मैदान काळ्या मातीचं. दोन सरी पडल्या की ती माती बुटांना अशी धरते की खेळाडू अर्ध्या तासात दोन इंच उंच होतो आणि मग नुसता चालतानासुद्धा दमतो. मैदानाच्या एका कडेला पोलीस भरतीची मुलं धावत. दुसऱ्या कडेला हास्यक्लब हसे. आमच्या पोरांचा नेम चुकला की नेमका त्यांचा हसण्याचा फेरा यायचा. ते मुद्दाम करत नसतील, पण पोरं खचायची. मीही खचायचो. आणि दक्षिणेकडच्या गोलपोस्टला बेबाबाईंची म्हैस बांधलेली. बेबाबाईंचं घर मैदानाला लागूनच. मी अगदी नम्रपणे म्हैस हलवायची विनंती केली, तर म्हणाल्या, "सर, बारा वरीस व्हयनात, तिले मी तठेच बांधस. तुमी त्या बाजूले गोल नका करू ना!" पहिले पंधरा दिवस आम्ही एकाच गोलवर सराव केला. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे काही पोरांना स्पर्धेतच कळणार होतं.

चेंडूंचं तर विचारूच नका. नवा चेंडू हवा तर जुना निकामी झाल्याचा दाखला हवा. दाखल्यासाठी तीन जणांची समिती हवी. समितीसमोर जुना चेंडू हजर हवा. नोंदवहीप्रमाणे कॉलेजकडे अकरा चेंडू होते. कपाटात सापडले चार, त्यांतला एक व्हॉलीबॉल. उरलेले सात कुठे आहेत याबद्दल माझा लेखी खुलासा मागवण्यात आला. मी या खात्यात येऊन नऊ दिवस झाले होते. खुलाशात तसं लिहिलं, तर ‘उत्तर समाधानकारक नाही’ असा शेरा आला. नोकरीच्या एकवीस वर्षांत माझ्या कागदावर लाल शाई पहिल्यांदा पडली, तीही मी कधी न बघितलेल्या चेंडूंपायी.

सल्ला मात्र मुबलक होता. आमच्या कॉलनीतले तोताराम आबा एस. टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. ते रोज सहाला घडीची खुर्ची घेऊन मैदानावर यायचे. फुटबॉलशी त्यांचा जन्मात संबंध आला नव्हता, पण चाळीस वर्षं गाड्या सोडल्यामुळे कुठलीही हालचाल त्यांना कळत असे. "सर, तुमची डावी बाजू लेट चालते." "सर, मधला पोरगा थांबा नसताना थांबतो." वाईट एवढंच की त्यांचं बरोबर असायचं. पोरं मला सोडून त्यांना विचारायला लागली. मी शिट्टी गळ्यात घालून कडेला उभा, आणि आबा खुर्चीतून संघ चालवताहेत, असं चित्र मी तीन आठवडे सहन केलं.

आता संघाचं सांगतो. एकूण सोळा पोरं. त्यांतली दहा आसपासच्या तालुक्यांतून शिकायला आलेली, खोली करून राहणारी. पाच जण धुळ्यातल्याच एका मोहल्ल्यातले, आणि एक रोनक, कापड दुकानवाल्या प्रकाशचंद शेठचा मुलगा. त्याला शेठजींनी वजन उतरावं म्हणून पाठवलं होतं. गोलरक्षक सुकदेव बोरसे, भडगावकडचा, दरवाज्याएवढा. आणि कर्णधार सैफ.

सैफ खेळायला लागला की आबासुद्धा बोलायचे थांबत. चेंडू त्याच्या पायाशी गेला की चिखल नाहीसा व्हायचा म्हणा ना. मला ऑफसाइड समजत नव्हतं, पण हे समजत होतं. त्याचं तिसरं वर्ष. मागची दोन वर्षं संघ पहिल्याच फेरीत बाद झाला आणि विद्यापीठाच्या निवड समितीनं त्याला पाहिलंच नाही.

जुलैच्या शेवटी त्याचे वडील मैदानावर आले. शकीलभाई पॉवरलूमवर काम करतात. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ते साधंसुद्धा मोठ्यानं बोलतात. "सर, साफ बात सांगतो," ते म्हणाले, आणि पोलीस भरतीची मुलं वळून बघायला लागली. "ये आखरी साल. युनिवर्सिटीच्या टीममधी आला तर ठीक, शिकू द्या, खेळू द्या. नाही आला तर ह्याचा चाचा सुरतमधी आहे, दिवाळीच्या आधी तिकडं लूमवर लावतो. पाय लई चालले. आता हात चालू दे."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण पालक समोर आला की धीर द्यायचा, ही मास्तरकीची खोड. "शकीलभाई," मी म्हणालो, "सैफ येणारच संघात. माझी जबाबदारी."

सैफनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं. उज्ज्वला म्हणाली, पित्त आहे. ते पित्त नव्हतं.

सामन्याची तारीख ठरवायची बैठक जळगावात झाली. आमची पहिली गाठ तिथल्याच एका कॉलेजशी, आणि यंदा निवड समिती पहिल्या फेरीपासूनच बसणार होती. संयोजकांनी विचारलं, गुरुवार की त्यापुढचा सोमवार? मी मनात हिशेब केला: सोमवार घेतला तर सरावाला चार दिवस जास्त, रविवारी विश्रांती, पोरं ताजीतवानी. "सोमवार," मी ठामपणे म्हणालो. टेबलाभोवतीचे दोघेतिघे जण माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागले. मला वाटलं, माझ्या ठामपणाची छाप पडली.

शुक्रवारी सराव संपल्यावर सुकदेव डोकं खाजवत आला. "सर, आम्ही उद्या गावाला जातो. मंगळवारी येऊ."

"अरे, सोमवारी सामना!"

"सर, सोमवारी कानबाईचं विसर्जन शे ना."

खानदेशात जन्मलेल्या माणसानं श्रावणातला कानबाईचा सोमवार सामन्याला निवडावा! माझे आजोबा पोटापायी गाव सोडून धुळ्याला आले, कानबाई तिकडे भाऊबंदांकडे राहिली, बायको कोल्हापूरची. घरात कुणी आठवणच केली नव्हती. रविवारी देवी बसणार, सोमवारी तिचं विसर्जन. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्यांच्या पिठाचे रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला घास नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. आणि ज्याच्या नावाचे गहू मोजले, तो माणूस घरात हवाच. मग तो पुण्यात असो की गोलपोस्टात.

शनिवारी दहा पोरं दहा दिशांना गेली. मी एकेका घरी फोन करायला घेतला. शिरपूरकडच्या एका पालकानं मला विचारलं, "सर, तुमी खान्देसनाच शेतस ना?" त्यानंतर माझी फोन करायची हिंमत झाली नाही.

उरले सहा. मी रात्रंदिवस सहा मोजत होतो. वाढत नव्हते. संध्याकाळी उज्ज्वलानं भाजी चिरता चिरता सांगितलं, "सात असले तरी सामना सुरू करता येतोय. सातच्या खाली नाही. तुमाला नियम म्हाईत न्हाई का?" मला माहीत नव्हता. म्हणजे एकच माणूस हवा होता! सुकदेवचं गाव भडगावजवळ, तिथून जळगाव दीड तासावर. बेत ठरला: सैफनं बाकीच्या पाच जणांना घेऊन सोमवारी सकाळी धुळ्याहून बसनं जळगाव गाठायचं, मी रविवारीच सुकदेवच्या गावी जाऊन त्याला उचलायचं आणि तीनच्या आत मैदानावर हजर व्हायचं. खेळाडूंचे सही-शिक्क्याचे पात्रता अर्ज मी माझ्या बॅगेत ठेवले. असली कागदपत्रं पोरांच्या हाती देऊ नयेत, इतका मी अनुभवी होतो.

सुकदेवच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ओसरीवर चाळीसेक माणसं. आतून पुऱ्यांचा, खिरीचा, लाल भोपळ्याच्या भाजीचा असा वास येत होता की माझं महिन्याभराचं पित्त जागच्या जागी बरं झालं. पण मी परका. त्या दिवशी त्या चुलीवरचं काहीही मला चालणार नव्हतं. दारी आलेल्या मास्तराला उपाशी ठेवायचं म्हणून बायाबापड्या शरमून गेल्या होत्या. शेवटी दुकानातून बिस्किटांचा पुडा आला. चाळीस माणसं बघत असताना मी बिस्किटं खाल्ली.

सुकदेवचे आजोबा झुलाल नाना खाटेवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सहा मुलं आहेत, सातवा नसला तर सामनाच नाही.

"सर, तुमी शिकेल मानूस," नाना शांतपणे म्हणाले. "पन गहू मोजाई गयात. आते परका मानूसना सांगावर घरना पोऱ्या कसा धाडू?"

परका हा शब्द मला लागला की बिस्किटं, कोण जाणे. मी थाप मारली. "नाना, मी परका कसा? मीसुद्धा बोरसेच. आपल्यातलाच. आमचीही कानबाईच."

बोरसे खानदेशात पायलीला पन्नास. पण नाना सावरून बसले. "कोनता बोरसे? मूळ गाव?"

"गिरणाकाठचे, असं वडील म्हणायचे."

"आजानं नाव?"

"पुना."

"पुना नारायण? डावा पायनी लंगडायेत?"

आजोबा डाव्या पायानं लंगडत. मी मान हलवली. नाना खाटेवरून उठले आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असे ओरडले, "आरे, पुना नारायण म्हंजे माना बापना सख्खा चुलतभाऊ! धुळाले निघी गया व्हता! हाऊ तर आपला भाऊबंद शे!"

मी थाप मारली होती आणि ती खरी निघाली. असा अपमान थापेबाज माणसाचासुद्धा होऊ नये. चाळीस माणसं माझ्याभोवती जमली. कुणी माझ्या पाया पडलं, कुणाच्या मी पडलो. दोन मिनिटांपूर्वी मी सर होतो. आता नाना म्हणाले, "मंग तू माना पुतन्या व्हस. बस खाले. आनखी सव्वा मूठ मोजा रे बठ्ठा गहूमा!" त्यांच्या मुलानं माझी बॅग काढून घेतली आणि कानबाई जिथे बसणार होती त्या खोलीत खुंटीला टांगली.

"नाना, मला सकाळीच निघायचंय," मी म्हणालो.

"गहू मोजाई गयात ना तुना नावना," नाना म्हणाले. "विसर्जन व्हस तवलोंग हालानं नही."

परका असतो तर निदान उठून जाता आलं असतं. एका गड्याला सोडवायला गेलो आणि दोघे अडकलो. आणि सुकदेव, ज्याला मी रोज मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावत होतो, तो मला ‘काका’ म्हणायला लागला होता.

सोमवारी विसर्जन सकाळी सातला निघणार होतं. नऊला निघालं. पुढे वाजंत्री, मागे बायकांच्या फुगड्या, दर दहा पावलांवर थांबा. आबा असते तर सांगितलं असतं, गाडी दोन तास लेट. नदीवरून परत येईपर्यंत बारा वाजले. तेवढ्यात सैफचा फोन आला. "सर, आम्ही जळगावला पोचलो. संयोजक अर्ज मागताहेत. तुमच्याकडेच आहेत ना?" आवाज अगदी शांत होता. त्यामुळे मला जास्त रडू आलं.

पंगत बसली. माझ्यासमोर रोट आले, खीर आली, आणि घास उतरेना. नाना शेजारीच होते. "काय रे, कोना पोऱ्यासाठे एवढा जीव टाकी राह्यना तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. सैफ कसा खेळतो ते सांगितलं. शकीलभाईंचं सांगितलं, मी उगाच दिलेला शब्द सांगितला, आणि आज सामना झाला नाही तर पोरगं सुरतला लूमवर जाईल, हेही सांगितलं. चाळीस भाऊबंदांसमोर, हातात पुरी धरून, मी मोठा माणूस रडलो.

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "माना दोन पोऱ्या शेतस सुरतले. कानबाईलेच येतस. मंग वरीसभर तोंड दखात नही." त्यांनी समोर बसलेल्या दोघा मुलांकडे पाहिलं. दोघांनीही मान खाली घातली. "सुकदेव, ऊठ! गाडी काढा रे!"

सुकदेव उठला, पण सहजासहजी नाही. त्याचं जेवण आमच्या बरंच आधी सुरू झालं होतं. खुंटीवरची बॅग उतरवून केळी वाहायच्या पिकअपमध्ये आम्हांला बसवलं. नानांच्या मुलानं ती अशी हाणली की वाटेत मी दोनदा कानबाईचा धावा केला.

तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही मैदानात शिरलो. साडेतीनला समोरच्यांना पुढे चाल देणार होते. जळगावची अकरा पोरं, घरचं विसर्जन सकाळीच गावात उरकून, पांढऱ्या मोज्यांत उड्या मारत होती. आमची सहा एका बाकावर ओळीनं बसलेली. आम्हांला बघून रोनक चक्क ओरडला. सैफ नुसता बुटांच्या नाड्या आवळायला लागला.

सात विरुद्ध अकरा. त्या सामन्याचं वर्णन मी फार करणार नाही. आम्ही पाच-एकनं हरलो. सुकदेवला वाकता येत नव्हतं, पण नुसता उभा राहूनही त्यानं अर्धा गोल अडवला. रोनक चौथ्या मिनिटाला दमला आणि शेवटपर्यंत दमलेला राहिला, पण मैदान सोडून गेला नाही. गेला असता तर सहा उरून सामना तिथेच संपला असता. आणि सैफ सगळीकडे होता. मागे चेंडू अडवायला तोच, पुढे न्यायला तोच. अखेरच्या मिनिटांत चार जणांना चुकवून त्यानं तो एक गोल केला, तेव्हा जळगावच्या पोरांनीच टाळ्या वाजवल्या. छत्रीखाली बसलेले निवड समितीचे गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते. ते काय लिहिताहेत हे बघायला मी तीनदा त्यांच्या मागून गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी वही मिटली.

यादी आठ दिवसांनी आली. अठरा नावं. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. सैफचं नाव त्यांत नव्हतं. मग एक रेघ होती, तिच्याखाली ‘राखीव’, आणि राखीवांत दुसरं नाव: शेख सैफ शकील. राखीवांनीही सराव शिबिराला यायचं, अठरांतला कुणी गळला तर यांना घेणार.

सैफनं यादी बघितली होती. "सर, अब्बूंना तुम्ही सांगा," एवढंच तो म्हणाला.

मी शकीलभाईंच्या कारखान्यात गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. शब्द दिला होता तो पाळता आला नाही, चूक माझी आहे, तारीख मी निवडली, त्याची शिक्षा पोराला देऊ नका. आत शिरलो तर चोवीस मागांचा खडखडाट. माझं एक वाक्य मला ऐकू येईना. शकीलभाई मला बाहेर घेऊन आले. मी कागद पुढे केला आणि रेघेखालच्या नावावर बोट ठेवलं.

"राखीव म्हंजे काय, सर?"

"म्हणजे... संघात नाही. पण कुणी आलं नाही, तर त्याच्या जागी."

"बदली," शकीलभाई म्हणाले.

"हो. तसंच."

त्यांनी कागद हातात घेतला. बोटांना तेल होतं म्हणून कडेनं धरला. मी सुरतचं ऐकायची तयारी करत होतो.

"मी या गेटवर सात बरस बदली होतो, सर," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू झाला. "रोज सुबह डबा घेऊन यायचं, उभं राहायचं. कोणी नाही आला तर आत. सगळे आले तर डबा घेऊन वापस. लोक हसायचे. पण जो उभा राहिला, त्याचाच नंबर लागला. जो घरी बसला, त्याचा नाही लागला."

त्यांनी यादीची घडी घातली, खिशात ठेवली. ती कॉलेजची प्रत होती, पण मी परत मागितली नाही.

"प्रॅक्टिस किती वाजता असते?"

"सहाला."

"साडेपाचला येईल," शकीलभाई म्हणाले, आणि मागाकडे परत गेले.